खांदा बदलला. हाताचं काय?

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका हॉस्पिटलचा व्हिडिओ फिरत आला. ऑपरेशन थिएटर, हिरवे कपडे, मागे दणदणीत म्युझिक आणि शेवटी एक्स-रे. खांद्यात धातूचा पांढराशुभ्र गोळा चपखल बसलेला. खाली मोठ्या अक्षरांत 'यशस्वी शस्त्रक्रिया'. लोकांनी धडाधड अंगठे दिले. मी विचारलं, "पेशंटचा हात किती वर जातो?" कुणीच उत्तर दिलं नाही. एका मामांनी फक्त हात जोडल्याची खूण टाकली.

माझं सगळं भांडण त्या न मिळालेल्या उत्तराशी आहे.

आधीच सांगून टाकते, मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यामुळे "बाई स्वतःच्या धंद्याचं बोलतेय" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं, पण पूर्ण वाचून म्हणावं.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक काकू आल्या. वय 68, निवृत्त शिक्षिका. बाथरूममध्ये पाय घसरून डावा खांदा मोडला, हाडाचे तुकडे झाले, म्हणून सांधा बदलला. ऑपरेशनला चार महिने झाले होते. मी काकूंना विचारलं, "कसं आहे?" उत्तर मुलानं दिलं, मोबाइलवर एक्स-रे दाखवत. "सर म्हणाले, एकदम परफेक्ट बसलंय." काकूंना हात वर करायला सांगितला. छातीपर्यंत आला आणि थांबला. सहा आठवड्यांनी काढायची झोळी त्यांनी अडीच महिने गळ्यात ठेवली होती. कधी काढायची, हे घरात कुणालाच नीट समजलेलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती, 'फिजिओथेरपी सुरू ठेवणे'. कोणती, किती दिवस, कुणाकडे? काही नाही.

मुलगा फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "अगं, हा हात मागं जाईल का गं? संडासला गेल्यावर सूनबाईला हाक मारावी लागते. मरण बरं वाटतं."

हे वाक्य कुठल्या एक्स-रेत दिसतं, सांगा.

आता थोडं समजून घ्या. खांद्याची वाटी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा त्या वाटीत फिरतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतीचे स्नायू. म्हातारपणी हे स्नायू अनेकदा फाटलेले असतात. नुसता नवा गोळा बसवला तर त्याला सावरायला कुणी नाही. यावर पॉल ग्रामाँ या फ्रेंच सर्जननं 1985 मध्ये भन्नाट उपाय काढला. त्यानं सगळं उलटं केलं, म्हणजे गोळा वाटीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर. याला रिव्हर्स शोल्डर म्हणतात. यात फाटलेल्या स्नायूंचं काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू उचलतो. माझ्या काकूंना हेच बसवलं होतं.

पण डेल्टॉइडला हे नवं काम शिकावं लागतं, आणि ते तो थिएटरमध्ये शिकत नाही. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. मग आधार देऊन हालचाल. ताकदीचे व्यायाम बहुतेकदा तिसऱ्या महिन्याच्या आसपास. सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. वेदना बहुतेकांची चांगली कमी होते, ती या ऑपरेशनची खरी देणगी. पण हात पाठीमागे नेणं रिव्हर्समध्ये बऱ्याच जणांना अवघडच राहतं. हे सर्जनना माहीत असतं. फिजिओला माहीत असतं. फक्त पेशंटला माहीत नसतं!

आता पैशाचं कॅलेंडर या कॅलेंडरशेजारी ठेवा.

आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांनी विकायची प्रमाणित पॉलिसी. तिच्यात डिस्चार्जनंतरचा खर्च 60 दिवसांपर्यंत. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस हात झोळीतच. उरले 18. ताकदीचे व्यायाम सुरू होण्याआधीच विमा संपला. आयुष्मान भारतमध्ये तर डिस्चार्जनंतरचे 15 दिवस. 2024 पासून 70 वर्षांवरच्या सगळ्यांना ही योजना लागू झाली, चांगलंच झालं. पण 15 व्या दिवशी खांदा बदललेला माणूस काय करत असतो? झोळीत हात घालून बसलेला असतो. म्हणजे सांधा आणायचा, बसवायचा, टाके काढायचे, इथवर पैसे आहेत. हात चालता करायचा ती जबाबदारी घरच्यांची. घरचे काय करतात? आठवडाभर रिक्षानं आणतात, खर्च बघतात, मग म्हणतात, "घरीच करू." किंवा कुणी मालिशवाल्याकडे नेतं आणि तो खांदा ओढून देतो. बदललेला सांधा असा ओढला तर निखळू शकतो, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

"घरी व्यायाम करून भागतं की!" असं काही डॉक्टर म्हणतात. मान्य. खांदा बदलल्यावर घरी केलेल्या व्यायामाचाही तितकाच उपयोग होतो, असं दाखवणारे अभ्यास आहेत. रोज माझ्याकडे या, असा माझा हट्ट नाहीच. पण घरचा व्यायाम म्हणजे इंग्रजी झेरॉक्स हातात कोंबणं नव्हे. कुणीतरी मराठीत शिकवायला हवं, करून घ्यायला हवं, दर पंधरा दिवसांनी बघायला हवं. एवढंही होत नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि सर्जन मंडळींशी माझं वैर नाही. चांगल्या सर्जनचे पेशंट माझ्याकडे वेळेत येतात, सोबत चिठ्ठीही असते, काय करायचं आणि काय नाही याची. चूक व्यवस्थेची आहे. ती यश थिएटरच्या दारात मोजते आणि तिथेच बिल फाडते.

यश मोजायची साधनं नाहीत असंही नाही. 1987 मध्ये आलेला कॉन्स्टंट स्कोअर जगभर वापरतात. 100 गुण: वेदनेला 15, रोजच्या कामांना 20, हालचालीला 40, ताकदीला 25. एक्स-रेला त्यात एकही गुण नाही. ऑक्सफर्डची 12 प्रश्नांची यादी आहे, ती पेशंटनं स्वतः भरायची. त्यात काटा-सुरी धरता येते का, असं विचारतात. आपण आपले प्रश्न घालू. अंबाडा घालता येतो का? पोळी लाटता येते? ब्लाउजचे हूक? एसटीत चढताना दांडी धरता येते? संडासला स्वतःचं स्वतः आवरता येतं?

इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय सांधे नोंदवहीत 2012 पासून बदललेल्या खांद्यांचीही नोंद होते. आपल्याकडे 2017 मध्ये सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, म्हणजे मनात आणलं की जमतं. तेव्हा मागणी साधी आहे. एक, पॅकेजमध्ये फिजिओच्या भेटी मोजून धरा. दोन, विम्याची मुदत अशा ऑपरेशनला किमान सहा महिने करा. तीन, ऑपरेशनआधी आणि नंतर सहाव्या व बाराव्या महिन्यात हाताचं काम मोजा आणि प्रत्येक हॉस्पिटलला ते आकडे जाहीर करायला लावा. मग बनवा खुशाल व्हिडिओ. मी स्वतः शेअर करीन.

तोवर तुमच्या घरात कुणाचा खांदा बदलायचा असेल तर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. झोळी कधी काढायची? व्यायाम कोण शिकवणार, आणि तो खर्च पॅकेजमध्ये आहे का? काय अजिबात करायचं नाही? आणि कोणती हालचाल परत येणार नाही? चौथा प्रश्न विचारायला लाजू नका. तो पेशंटला एकटीला विचारू द्या. मुलाला बाहेर पाठवा.

काकूंचं काय झालं? सहा महिने नेटानं व्यायाम केला. हात आता डोक्यापर्यंत जातो, अंबाडा स्वतः घालतात, थोडा तिरका. पाठीमागे मात्र कंबरेच्या कडेपर्यंतच जातो, त्यापुढे नाही. संडासात मुलाला जेट स्प्रे उजव्या बाजूला बसवायला सांगितला. सूनबाईला आता हाक मारावी लागत नाही.

लाखांच्या ऑपरेशननंतर चार महिने त्या बाईची अब्रू एका जेट स्प्रेसाठी अडली होती. कारण तिला काय जमत नाही, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.