रस्त्यावरील मारहाण : न्यायाची पहिली पायरी
उसाच्या हंगामात पुणतांब्याच्या अरुंद रस्त्यावर वाट देण्यावरून हाणामारी झाली, तर जखमीने प्रथम सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार हाड मोडल्यास वा दात निखळल्यास दुखापत गंभीर व गुन्हा दखलपात्र ठरतो. नुसत्या साध्या दुखापतीचा तपास मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना होत नाही. हा भेद किती निष्ठुर! १९८८ साली पतियाळा येथे वाहनाच्या वादात क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी मारहाण केलेले वृद्ध गृहस्थ दगावले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साध्या दुखापतीचा दोष ठेवून केवळ एक हजार रुपये दंड केला. कुटुंबीयांनी फेरविचार मागितला, तेव्हा कुठे २०२२ मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी झाली. कलम मात्र तेच राहिले.