दोन साइट्सच्या मधलं रान

टोरंटोत कोणालाही विचारा, मोकळी आणि शांत जागा कुठे मिळेल? उत्तर ठरलेलं असतं: उत्तरेकडे जा. शुक्रवारी दुपारी हायवे ४०० वर आलात, की अख्खं शहर उत्तरेलाच निघालेलं दिसतं. टपावर कयाक, मागे सायकली आणि थोड्या थोड्या अंतराने एखादा ट्रेलर. दोन्ही बाजूंना हॉलंड मार्शच्या काळ्या मातीतले भाजीमळे आणि मधून कूर्मगतीने सरकणारी गाड्यांची रांग. एवढा प्रवास करून चार-पाच तास लांब गेलेल्या कित्येकांच्या नशिबी शेवटी शेजारच्या शेगडीचा धूर आणि त्याच्या स्पीकरवरची गाणीच येतात. गाव लांबचं निवडलेलं असतं, पण राहायची साइट नीट पाहिलेली नसते.

बरीच वर्षं ट्रेलर घेऊन हिंडल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. एकांत किती किलोमीटर गेलो यावर ठरत नाही. दोन साइट्सच्या मध्ये किती रान राखलं आहे, यावर तो ठरतो. असं राखलेलं रान या महानगरापासून दोन-अडीच तासांच्या आतही आहे. ते ओळखता मात्र यायला हवं.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. कोणी बसएवढी मोटरहोम घेतं, कोणी आमच्यासारखा ट्रेलर गाडीच्या हिचला जोडून ओढतं. ऑन्टारियोत मोटार चालवण्याच्या साध्या 'जी' परवान्यावर ४,६०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यामुळे हा छंद मध्यमवर्गीय घरांत चांगलाच रुजला आहे. ट्रेलर विकत घेताना लोक सोफा केवढा आणि फ्रिज केवढा ते बघतात. मी म्हणेन, आधी राहायचं कुठे ते ठरवा आणि मग लांबी निवडा. झाडीत खोल शिरलेल्या साइट्स बहुधा आखूड असतात, तिथल्या वाटा वळणावळणाच्या असतात आणि लांबलचक गाडी तिथे वळतच नाही. छोट्या ट्रेलरला रानाची दारं जास्त उघडी असतात.

शहराच्या आसपास मुक्कामाचे ढोबळमानाने चार पर्याय आहेत. पहिला खासगी आरव्ही पार्कचा. पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या ट्रेलरच्या दाराशी मिळतात. पण साइट्स अरुंद असतात आणि बरीच मंडळी ट्रेलर हंगामभर तिथेच ठेवून पुढे लाकडी ओटाही बांधून घेतात. वाटेतली एखादी रात्र काढायला किंवा कपडे धुऊन घ्यायला ही सोय उत्तम आहे. तिथे एकांताची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा पर्याय नदीखोऱ्यांतल्या संवर्धन क्षेत्रांचा. १९४६ च्या कायद्याने ऑन्टारियोत खोऱ्यांनुसार संवर्धन प्राधिकरणं उभी राहू लागली. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये हेझल चक्रीवादळाच्या पुराने ८१ बळी घेतले आणि पूररेषेतल्या जमिनीवर घरं होऊ द्यायची नाहीत, हा धडा या प्रांताने कायमचा घेतला. त्या मोकळ्या ठेवलेल्या जमिनी आणि पूर अडवायला बांधलेल्या धरणांचे काठ आज आपल्या मुक्कामाला येतात. ग्रँड नदीच्या खोऱ्यातलं रॉकवुड आणि एलोरा गॉर्ज टोरंटोपासून फार लांब नाहीत. रॉकवुडला हिमनदीच्या वितळत्या पाण्याने चुनखडीत कोरलेले रांजणखळगे आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजण पाहिलेल्या माणसाला तिथे ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटतं. शनिवारी-रविवारी इथे जत्रा असते, पण मंगळवार-बुधवारी जाल तर तेच ठिकाण वेगळं दिसतं.

तिसरा पर्याय क्राउन लँडचा, म्हणजे सरकारी मोकळ्या जमिनीचा. ऑन्टारियोची सुमारे ८७ टक्के जमीन अशी आहे आणि कॅनडाच्या रहिवाशाला तिथे एका जागी वर्षातून २१ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. ऐकायला हे फार मोहक आहे. पण दक्षिणेकडच्या जमिनी केव्हाच खासगी झाल्या आहेत. खरी क्राउन लँड उत्तरेला, कच्च्या रस्त्यांच्या टोकाला. तिथे नळ नाही, संडास नाही, मदतीला कोणी नाही आणि टाकीतलं सांडपाणी परत वाहून आणावंच लागतं. अनुभवी माणसाने जरूर जावं. मुलंबाळं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर मी तो विचार करत नाही.

राहिला चौथा पर्याय, प्रोव्हिन्शियल पार्कचा, म्हणजे प्रांत सरकारच्या उद्यानांचा, आणि माझा कौल त्यालाच. शहराला सगळ्यात जवळच्या पार्कांत डार्लिंग्टन येतं. तळ्याकाठची सुंदर जागा, पण ४०१ महामार्ग अगदी उशाशी असल्यामुळे ट्रकांची घरघर रात्रभर थांबत नाही. त्याऐवजी आणखी तासभर गाडी चालवायची तयारी ठेवली की चित्र बदलतं. बॅरीपर्यंत ४०० ने जायचं, पुढे ९३ नंबरचा रस्ता धरायचा आणि पेनेटँग्विशीनच्या पलीकडे जॉर्जियन बेच्या काठावर अवेंडा पार्कला पोचायचं. मेपल, ओक आणि बीचचं उंच जंगल आणि त्यात वळणं घेत गेलेल्या साइट्स. या जंगलात मोठ्या झाडांखाली रोपांचा आणि झुडपांचा दुसरा थर असतो. ट्रेलरच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की नजर त्या हिरवाईतच अडकते, पलीकडच्या साइटपर्यंत पोचत नाही.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला आम्ही अशाच एका तळावर घेऊन गेलो. ट्रेलर रिव्हर्समध्ये आत घालायचा होता. बायको मागे उभी राहून ओरडत होती, "थांब, थांब! डावीकडे फांदी आहे. आता चाक उजवीकडे मार." ठोकळे लावून ट्रेलर समतोल केला, चहा झाला, अंधार पडला. आई जरा अस्वस्थ होती.

"शेजारी कोणी आहे का रे?"

"आहेत ना, दोन्ही बाजूंना."

"मग दिसत कसं नाही कोणी?"

सकाळी ती नातीचा हात धरून वळणावळणाने अख्खी फेरी मारून आली. पलीकडे आजी-आजोबांचं जोडपं होतं, त्याच्या पुढे तान्ह्या बाळासह आलेलं एक कुटुंब, कोपऱ्यात एकटी बाई आणि तिचा कुत्रा. सगळ्यांनी हात हलवून नमस्कार केला होता. आई म्हणाली, "माणसं आहेत, पण अंगावर येत नाहीत. हे बरं आहे." मला जे सांगायचं आहे ते तिने एका वाक्यात सांगितलं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कोणी तरी असावं, पण त्याचं जेवण आपल्या ताटात दिसू नये. बायकांना, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना निर्धास्तपणे भोगता येतो तो एकांत असाच असतो.

मग अशी साइट निवडायची कशी? ऑन्टारियो पार्क्सच्या बुकिंगमध्ये जवळपास प्रत्येक साइटचे फोटो असतात आणि आडोसा चांगला, मध्यम की कमी, सावली किती, जमिनीला उतार किती, याची नोंदही असते. ती वाचावी. त्यानंतर नकाशा उघडावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूची साइट घ्यावी, म्हणजे पाठीमागे नुसतं जंगल राहतं. आतल्या बाजूच्या साइटला पाठीला पाठ लावून दुसरं बिऱ्हाड असतं. नळ, स्वच्छतागृह, कचऱ्याचे डबे आणि तळ्याकडे जाणारी पायवाट यांच्यापासून थोडं लांब राहावं, कारण दिवसभराची वर्दळ तिथूनच असते. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येणाऱ्या साइट्स गाडीला सोप्या, पण त्या दोन्हीकडून उघड्या असतात. रिव्हर्स घ्यायचा सराव केलात तर त्याचं फळ आडोशाच्या रूपाने मिळतं.

विजेचा मोह आवरता आला तर फारच चांगलं. वीजजोडणीच्या साइट्स बऱ्याचदा एकत्र आणि मोकळ्यावर आखलेल्या असतात, एअर कंडिशनरचा आवाजही तिथेच. चांगली बॅटरी, टपावर सोलर पॅनल आणि गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर शनिवार-रविवार विजेवाचून आरामात निघतो.

झाडंही ओळखावीत. सीडर, हेमलॉक आणि स्प्रूस यांच्या फांद्या पार जमिनीपर्यंत येतात, त्यांचा आडोसा बारमाही. याउलट लावणीच्या जुन्या पाइनखाली पाहा. उंच, सरळ, देखणी खोडं, पण खाली काहीच नाही. दहा साइट पलीकडचा कंदील दिसतो. फोटोत पाइनचं वन फार सुरेख दिसतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मेपलच्या जंगलात मेच्या मध्यापर्यंत पानंच नसतात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला गेलात तर तीच साइट उघडी-बोडकी वाटते. पानं आली की पाठोपाठ ब्लॅक फ्लाय आणि डास येतात. माझ्या लेखी सगळ्यात चांगला काळ लेबर डेनंतरचा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुट्ट्या संपतात, शाळा सुरू होतात आणि डासही कमी झालेले असतात. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला पुन्हा झुंबड उडते. त्याच्या आधीचे आठवडे गाठावेत.

आरक्षण पाच महिने आधी, सकाळी सात वाजता उघडतं. म्हणजे जुलैची साइट फेब्रुवारीत, बाहेर बर्फाचे ढीग असताना धरायची. लोकप्रिय पार्कांच्या आडोशाच्या साइट्स बघता बघता जातात. पण निराश होऊ नये. बेत बदलतात, लोक रद्द करतात आणि साइट मोकळी झाली की कळवण्याची सोयही बुकिंगमध्ये आहे. रविवारी दुपारी जाऊन गुरुवारी परतायचं जमलं तर नशिबावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. मोटरबोटींना बंदी असलेलं सायलेंट लेक किंवा ह्युरॉन सरोवराकाठचं मॅकग्रेगर पॉइंट ही नावंही टिपून ठेवा. दोन्ही थोडी लांब आहेत, पण प्रवासाचं चीज करतात.

आता थोडं रानाविषयी, कारण ते गृहीत धरण्यासारखं राहिलेलं नाही. एमरल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइट आणि विंडसरच्या परिसरात पहिल्यांदा सापडला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखालचा थर पोखरतात आणि झाड वाळतं. मेलेली झाडं माणसांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून कापावी लागतात आणि साइट्स उघड्या पडतात. हा भुंगा लांबच्या लांब पोचला तो माणसांनी गाडीतून नेलेल्या सरपणाबरोबर. म्हणून शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका, तळाजवळच विकत घ्या. दोन पैसे जास्त जातील, जाऊ द्या. मार्च २०२५ मध्ये या भागात बर्फाचं वादळ झालं. फांद्यांवर काचेसारखा बर्फ साचून झाडं मोडली आणि अवेंडातला मुक्काम त्या हंगामात बंद राहिला. ज्या आडोशासाठी आम्ही तिथे जातो तो वाढायला कित्येक दशकं लागलेली असतात.

दुसरा शत्रू आपले पाय. शॉर्टकट म्हणून झुडपांतून जायचं, तिथेच खुर्च्या मांडायच्या, कोवळ्या रोपाला दोरी बांधायची. माती दबते, रोपं मरतात आणि साइटची कड दर हंगामात थोडी पुढे सरकते. काही वर्षांत दोन साइट्सची एक होते. एका साइटवर सहा माणसांची मर्यादा आहे ती उगाच नाही. आपल्या मराठी मंडळींना दहा-बारा जणांनी एकत्र जमल्याशिवाय मजा येत नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी वेगळे ग्रुप कॅम्पग्राउंड असतात. तिथे पिठलं-भाकरी आणि अंताक्षरी खुशाल करावी, मात्र रात्री आवाज खाली आणावा.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण महाराष्ट्र. आपल्या सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. मुंबई-पुण्याच्या माणसाला गर्दीपासून लांब जायची गरज टोरंटोकरांपेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून या धोरणाचा मला मनापासून आनंद आहे. पण पवना धरणाच्या काठी तंबूला तंबू लागलेले आणि रात्री उशिरापर्यंत स्पीकर चाललेले पाहिले की काळजी वाटते. कॅराव्हॅन पार्क म्हणजे जेसीबी लावून सपाट केलेलं पटांगण, पेव्हर ब्लॉक आणि विजेचे खांब अशी कल्पना एकदा रूढ झाली, तर सह्याद्रीच्या कुशीत आपण नुसते वाहनतळ बांधून ठेवू.

कारवीचं दाट रान, ऐन, किंजळ, जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्या यांच्याइतका चांगला आडोसा कुठल्याही मेपलला देता येणार नाही. रान राखायची रीतही आपल्याला कोणी शिकवायला नको. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न नेणारी गावं आजही आपल्याकडे आहेत. म्हणून आराखडा करणाऱ्यांना माझी विनंती आहे: कागदावर आधी झाडं आणि झुडपं मांडा, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवा आणि उरलेल्या जागेत गाड्या बसवा. पन्नास गाड्या मावतील तिथे वीसच बसल्या तरी चालतील. त्या वीस घरांतली माणसं पुन्हा येतील आणि येताना आपल्या आईलाही घेऊन येतील.