गुलामांचे ‘कामगार’ कसे झाले?

२०१५ मध्ये टेक्सासमधील एका विद्यार्थ्याने भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील एका नकाशाचे छायाचित्र आपल्या आईला पाठविले. आफ्रिकेतून लक्षावधी ‘कामगार’ अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर आणले गेले, असा मजकूर तेथे छापलेला होता. साखळदंडांनी जखडून, जहाजांच्या तळाशी कोंबून आणलेली माणसे म्हणे कामगार! त्यांचे वेतन किती होते, एवढेच छापायचे राहिले. आईने आवाज उठविल्यावर प्रकाशकाला चूक मान्य करावी लागली. परंतु ही केवळ लेखणीची डुलकी नव्हती. तिच्यामागे एका शतकाचा वारसा आहे.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्ये पराभूत झाली. रणांगणावर गमावलेले त्यांनी शाळेच्या वर्गात मिळविले. पराभूत सैनिकांच्या लेकीसुनांनी १८९४ मध्ये ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना उभारली. तिच्या एकेकाळच्या इतिहासप्रमुख मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तके पारखण्याची चक्क एक ‘मोजपट्टी’ प्रसिद्ध केली. दक्षिण गुलामगिरी टिकविण्यासाठी लढली असे सांगणारे पुस्तक नाकारा. गुलामांचे मालक क्रूर होते असे म्हणणारेही नाकारा! वस्तुतः मिसिसिपी राज्याने संघराज्यातून फुटताना, १८६१ मध्ये, आपले हित गुलामगिरीशी पूर्णतः निगडित असल्याचे स्वतःच घोषित केले होते. आजोबांचा हा कबुलीजबाब नातवंडांपासून दडविण्याचा खटाटोप पुढे अनेक दशके चालला. त्याच मिसिसिपीत जेम्स लोवेन आणि चार्ल्स सॅलिस यांनी १९७४ मध्ये राज्याचा खरा इतिहास पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा सरकारी समितीने तो नाकारला. अखेर १९८० मध्ये न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला.

हे पाप एकट्या दक्षिणेचे नव्हे. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी १९०७ मध्ये जमावाने लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या भारतीयांना मारहाण करून हुसकावून लावले. त्यांत बहुतेक शीख होते. पण त्या काळी तेथे प्रत्येक भारतीयाला ‘हिंदू’च म्हणत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा गणवेश घातलेले भगतसिंग थिंड ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास पात्र नाहीत, असा निर्णय १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. मग ज्यांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, अशा अनेक भारतीयांचेही ते काढून घेण्यात आले. आपण उच्चवर्णीय ‘आर्य’ असल्याने गोरेच ठरतो, असा थिंड यांचा युक्तिवाद होता. तो आपल्यालाही मान खाली घालायला लावतो; म्हणूनच तोही मुलांना सांगितला पाहिजे. नागरिकत्वाचे दार १९४६ मध्ये उघडले, तेही वर्षाला अवघ्या शंभर भारतीयांना प्रवेश देणाऱ्या कायद्याने.

आज आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातील शाळांत शिकत आहेत. पुढच्या रविवारी त्यांच्याशी बोलताना गुणांची चौकशी झाली, की एवढे अवश्य विचारा : बाळा, तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात बेलिंगहॅम कोणत्या पानावर आहे?