ओला-सुका आणि टनाचा काटा

दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास आम्हा केंद्रीय कर्मचाऱ्यांना स्वच्छतेची शपथ दिली जाते. ती मीही रांगेत उभा राहून घेत आलो आहे. शपथेविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यामागील गृहीतकाविषयी. भारतीय गृहस्थाला कचऱ्याच्या बाबतीत चांगल्या सवयीच नाहीत, आणि त्या प्रबोधनाने लावाव्या लागतील, असे हे गृहीतक आहे. ते चुकीचे आहे; प्रशासनाच्या सोयीचे आहे म्हणूनच ते टिकून राहिले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या आईने वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवले, तेलाचे डबे आणि बाटल्या वेगळ्या ठेवल्या, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या, त्या वेळी तिला कोणी शपथ दिली होती? रद्दीवाला येत होता आणि किलोमागे पैसे देत होता, एवढे पुरेसे होते. दिल्लीच्या गल्लीतला कबाडीवाला आजही हेच करतो. ज्या वस्तूला भाव आहे ती भारतीय घरातून कचऱ्यात जात नाही. भाजीच्या देठांना आणि उरलेल्या भाताला भाव नाही, म्हणून ते जातात. आणि शहरी कचऱ्याचा निम्म्याच्या आसपास भाग तोच असतो. म्हणजे उणीव सवयीची नसून किमतीची आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्याचे आहे. त्या राज्यात मद्य सरकारी महामंडळाच्या दुकानांतून विकले जाते. रिकाम्या बाटल्या जंगलात फेकल्या जात आणि फुटलेल्या काचांनी वन्यप्राण्यांना इजा होई. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 साली तेथे प्रत्येक बाटलीवर 10 रुपये जास्त घेऊन, बाटली परत आणल्यास ते परत देण्याची योजना सुरू झाली. बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. पर्यावरण-प्रबोधनाला मद्यपी हा काही आदर्श श्रोता नव्हे. तरीही दहा रुपयांनी जे साधले ते फलकांनी साधले नसते.

आता दुसरी बाजू पाहू. दिल्लीतील ज्या सरकारी वसाहतीत मी राहतो, तेथे आमच्या घरी दोन बादल्या आहेत. ओले एकीत, सुके दुसरीत. सौभाग्यवती याबाबत माझ्याहून कडक आहेत. सकाळी ध्वनिक्षेपकावर स्वच्छतेचे गाणे वाजवीत गाडी येते आणि गाडीवरचा मुलगा दोन्ही बादल्या एकाच कप्प्यात रिकाम्या करतो. मुलाचा यात दोष नाही. कंत्राटदाराला पैसे टनावर मिळतात. मिसळलेला, ओलसर, अधूनमधून मातीही असलेला कचरा काट्यावर जास्त भरतो. वेगळा ठेवण्याला वेळ लागतो आणि त्याचे बिल निघत नाही. अशा निविदेवर सही करणारे आपणच, आणि मग गृहिणीला वर्गीकरणाचे धडे देणारेही आपणच!

नियम नव्हते असे नाही. श्रीमती अल्मित्रा पटेल यांच्या 1996 च्या सर्वोच्च न्यायालयातील याचिकेनंतर 2000 साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी त्यांत 31 डिसेंबर 2003 ही मुदत होती. 2016 च्या नियमांनी घरातच त्रिविध वर्गीकरण बंधनकारक केले. आणि क्षमता 2002 मध्येच संपलेल्या गाझीपूरच्या ढिगावर कचरा पडतच राहिला; 1 सप्टेंबर 2017 रोजी त्याचा एक भाग कोसळून दोन माणसे मेली.

बहुतेक ठिकाणी घरटी ठरावीक शुल्क असते, किंवा नसतेच. घरी खत करणारा आणि रोज दोन पिशव्या भरून देणारा सारखेच भरतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, जादा किलो कचऱ्याचा सीमान्त खर्च शून्य. दक्षिण कोरियाने 1995 पासून मिश्र कचऱ्यासाठी अधिकृत पिशव्या विकत घेणे सक्तीचे केले आणि पुनर्वापराच्या वस्तू विनाशुल्क घेतल्या. मिश्र कचरा घटला.

पिशवीमागे पैसे लावले तर लोक पिशवी शेजारच्या नाल्यात टाकतील, हा आक्षेप येईलच. तो खरा आहे. आपल्याकडे ते नक्की घडेल. म्हणून मी सरसकट शुल्काचा आग्रह धरीत नाही. बाटली आणि पाकिटावर अनामत घ्या, आणि ओला कचरा घरीच जिरवणाऱ्याला करात सवलत द्या. गांडूळखतासाठी पुणे महापालिका मालमत्ता करात अशी सवलत देतेच. नाल्यात टाकून ना अनामत परत मिळते, ना सवलत.

केरळातील अलप्पुळा शहराची गोष्ट प्रबोधनवादी मंडळी मोठ्या कौतुकाने सांगतात. तिची सुरुवात मात्र गाळून सांगतात. शहराचा कचरा ज्या सर्वोदयपुरम् भागात टाकला जाई, तेथील लोकांनी 2012 मध्ये गाड्या अडवल्या. फुकट टाकण्याची जागा संपली. त्यानंतर नगरपालिकेने पाइप-खताची आणि बायोगॅसची साधने अनुदानावर घरोघरी दिली आणि लोकांनी ती वापरली. एरवी हेच लोक ‘बेशिस्त नागरिक’ या सदरात मोडले असते.

माझी सूचना साधी आहे. वजनकाट्यावर तीन वेगळ्या पावत्या फाडाव्यात : ओला, सुका, मिश्र. वेगळ्या आणलेल्या टनाला पूर्ण दर, मिश्र टनाला त्याचा लहानसा अंश. एका समव्यवसायी मित्राने यावर म्हटले, “टन मोजता येतो, वर्गीकरण कोण मोजणार?” निलगिरीतल्या दारूच्या दुकानातला विक्रेता बाटल्या मोजतो आहे, एवढेच मी त्याला सांगितले. पुढच्या निविदेचा मसुदा पाठवतो म्हणाला. अजून आलेला नाही.