फेरारी ‘कमी चाललेली’ आहे? आधी बेल्टचं बिल बघा!

जुनी फेरारी विकताना ‘अगदी कमी चाललेली’ असं अभिमानानं सांगतात. मला तिथंच शंका येते. १९९४ ते १९९९ दरम्यान बनलेली एफ३५५ घ्या. तिचा रबरी टायमिंग बेल्ट गाडी नुसती उभी असली तरी जुना होतो. किलोमीटर कितीही कमी असोत, साधारण ३ ते ५ वर्षांनी तो बदलावाच लागतो. त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवायचं! बेल्ट स्वस्त, मजुरी महाग. टाळाटाळ केली आणि बेल्ट तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. आणि व्हॉल्व्ह आहेत ४०. पुढच्या ३६० मोडेनात सीटमागच्या झाकणातून बेल्टपर्यंत पोचता येतं. एफ४३०मध्ये तर चेनच आली. एफ३५५ घेणाऱ्यानं मात्र ओडोमीटरआधी बेल्टचं शेवटचं बिल मागावं. नसेल, तर तो खर्च वजा करूनच भावाचं बोलावं.