शाळा खासगी, जबाबदारी सार्वजनिक

सरकारला शाळा चालवता येत नाहीत, खासगी संस्थांना येतात. तेव्हा सरकारने या कामातून अंग काढून घ्यावे, मान्यता द्यावी, फार तर गरिबाच्या हातात फीचे पैसे ठेवावेत आणि पालकाला हवी ती शाळा निवडू द्यावी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही शिक्षणाचा विषय निघाला की हे मत ठामपणे मांडले जाते. पुरावा म्हणून महापालिका शाळांच्या घसरत्या पटाकडे बोट दाखवतात. मत मांडणारी माणसे प्रामाणिक असतात, म्हणूनच या मताचा नीट समाचार घेणे जरूर आहे.

पट घसरतो आहे, हे खरेच आहे. पण पालक महापालिकेची शाळा का सोडतात? दिव्याहून पहाटेची लोकल पकडून ठाण्या-मुलुंडला घरकामाला जाणारी बाई आपल्या कमाईतला मोठा वाटा मुलाच्या फीत घालते. तिला इंग्रजी हवे असते. वर्गावर शिक्षक हवा असतो. तो मतदारयाद्या आणि सर्वेक्षणांत अडकलेला तिला चालत नाही. महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपाशी संपतात आणि पुढे पुन्हा शाळा शोधत हिंडावे लागते, हेही तिला ठाऊक असते. एक वाट बुजवून ठेवायची आणि दुसऱ्या वाटेने गेलेल्याला ‘याने निवड केली’ म्हणायचे, हा न्याय नव्हे.

आणि तिच्या पदरात पडते काय? ठाणे महापालिका दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते. अलीकडच्या याद्यांत सर्वाधिक शाळा दिव्यातल्या आहेत. अशी शाळा पाहिली की दिसते ती चाळीची नाहीतर इमारतीची तळमजल्यावरची खोली, शेजारी दुकानाचे शटर, खेळायला गल्ली आणि दारावर ठळक अक्षरांत ‘इंग्लिश स्कूल’. मान्यता नाही म्हणून यू-डायस, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक नाही, आणि तो नाही म्हणून तिथल्या दाखल्याला पुढच्या शाळेत किंमत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 18 नुसार मान्यतेविना शाळा चालवणाऱ्याला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होतो आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवली तर दिवसाला 10 हजार. तरी वस्तीत गरज आहे म्हणून शाळा निघतात आणि यादी पुढच्या वर्षीही लागते. बाजार मागणी पुरवतो, हे इथे अक्षरशः घडले आहे. फसली ती फी भरणारी आई.

फीचे पैसे पालकाच्या हाती द्या, हा उपाय जगाने करून पाहिला आहे. चिलीने 1981 मध्ये तो देशभर लागू केला. पैसा मुलामागे गेला, पण शाळा मुले निवडून घेऊ लागल्या, वर फीही घेऊ लागल्या आणि ऐपतीप्रमाणे शाळांचे थर पडले. 2011 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर 2015 च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा, निवडचाळणी आणि वरची फी बंद करण्याचा निर्णय चिलीला घ्यावा लागला. जिथून आपण धडा घ्यायला निघालो, तो देश परत फिरला आहे.

याचा अर्थ खासगी शाळा नकोत, असा मुळीच नाही. त्या सरसकट दुकाने आहेत असे म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास वाचलेला नाही. जोतिराव-सावित्रीबाईंची 1848 ची शाळा सरकारची नव्हती. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल (1880) आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था (1919) लोकांनीच उभी केली. मात्र त्याच जोतिरावांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, असे बजावून सांगितले. स्वतः शाळा काढणाऱ्या माणसाने सरकारला जबाबदारीतून मोकळे केले नाही, हे विसरू नये. आपल्याकडे ठाण्यात 1935 पासून विद्या प्रसारक मंडळ, कल्याणात छत्रपती शिक्षण मंडळ, डोंबिवलीत टिळकनगर विद्यामंदिर आणि स. वा. जोशी विद्यालय ही याच परंपरेतली नावे. गावाच्या वर्गणीतून इमारत, संस्थेचे व्यवस्थापन आणि पुढे सरकारी अनुदानातून शिक्षकांचा पगार, अशी ही घडण. चाकरमान्यांच्या दोन पिढ्या, बहुतेक मराठी माध्यमातून, नाममात्र फीत तिथे शिकल्या. खासगी शाळेचे मोल मला मान्य आहे ते या घडणीमुळे. पैसा सार्वजनिक, म्हणून दार सर्वांना उघडे.

ही घडण आपोआप मोडली नाही. 2 मे 2012 च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतली शिक्षकभरती थांबवली. त्याच वर्षाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने स्वखर्चाने शाळा काढणाऱ्यांना वाट मोकळी करून दिली. जुन्या शाळांत निवृत्त शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या. पट घटला, तुकड्या बंद झाल्या, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या हिशेबात, शिक्षक अतिरिक्त ठरले. तिकडे घोडबंदर रस्त्यावर नव्या संकुलांबरोबर लाखाच्या घरात फी असलेल्या शाळा आल्या. सरकार अपयशी ठरले म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. आधी रसद तोडली, मग पराभवाची घोषणा केली.

नव्या शाळांना समाजाशी बांधणारा एक धागा उरला, तो शिक्षणहक्क कायद्यात वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांचा. 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. ठाणे-डोंबिवलीसारख्या दाट शहरात ही सूट किती शाळांना मिळाली असती, ते नकाशा पाहून कोणालाही कळेल. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी या नियमाला स्थगिती दिली, 19 जुलैला तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप केला नाही. न्यायालयाने धागा वाचवला, पण तो बारीकच आहे. या जागांसाठी अर्ज करताना भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो आणि चाळीतला घरमालक तो करून देत नाही. अर्ज तिथेच अडतो. सरकारने मुलामागे शाळांना वर्षाला 17,670 रुपये द्यायचे, तेही वेळेवर येत नाहीत, आणि संस्थाचालकांची ही तक्रार रास्त आहे. शिवाय कायद्याचे संरक्षण आठवीला संपते. नववीत पूर्ण फी समोर येते आणि आठ वर्षे ज्या वर्गात वाढले त्या वर्गातून मूल बाहेर पडते. हे मला सर्वांत क्रूर वाटते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. राखीव जागांच्या फीच्या प्रतिपूर्तीची रक्कम शैक्षणिक वर्षाच्या आत शाळांना मिळावी. 25 टक्क्यांचे संरक्षण दहावीपर्यंत न्यावे. जुन्या अनुदानित शाळांतली रिक्त पदे भरावीत. दिवा, मुंब्रा, कळवा इथे महापालिकेने नववी-दहावीचे वर्ग, इंग्रजी माध्यमासह, वाढवावेत. अनधिकृत शाळांवर तोच खरा इलाज आहे, नुसत्या नोटिसा नव्हेत. फीबाबत विभागीय समितीकडे जायला 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात, ही अट काढावी.

वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेचे मान्यतापत्र आणि यू-डायस क्रमांक मागून पाहावा. आणि स्वतःचे मूल खासगी शाळेत असले, तरी आपल्या प्रभागातल्या महापालिका शाळेत किती शिक्षकांची पदे रिकामी आहेत, हे नगरसेवकाला लेखी विचारावे.