बोबडे बोल आणि वडीलधारीं माणसें

किहीमच्या आमच्या घरीं दिवेलागणीला परवचा म्हणण्याची चाल आहे. गेल्या पावसाळ्यांत पाहुण्यांदेखत आमचा पांच वर्षांचा नातू ‘नारळ’ऐवजीं ‘नालल’ म्हणाला आणि सारी मंडळी हंसली. आम्ही पडलों जुने पंतोजी! त्याला पुढें बसवून तोच शब्द वीस वेळां म्हणावयास लाविला. शेवटीं तो रडला आणि पुढें आठ दिवस परवच्याला मुकाट बसला. चूक त्याच्या जिभेची नव्हे, आमची होती.

‘र’ आणि ‘ळ’ हे वर्ण मुलांच्या तोंडीं उशिरांच बसतात. ‘प’, ‘म’ म्हणतांना मिटणारे ओठ मुलास दिसतात. ‘ळ’ म्हणतांना आंत वळणारी जीभ दिसत नाहीं. शिवाय ‘ळ’नें मराठी शब्दाचा आरंभ होत नाहीं, तो मध्यें किंवा अंतीं येतो आणि निसटतो. लौकिक संस्कृतांत तो नाहीं, तरी ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत आहे. तेव्हां वर्ण जुना व मानाचा खरा.

याच किहीमला १९३० सालीं पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचें चिकाटीनें निरीक्षण केलें. आधीं पाहिलें, मग लिहिलें. आमच्या सूनबाईंनींही तेंच केलें. चार दिवस नुसतें ऐकल्यावर, मोटारीचा आवाज काढतांना मुलाचा ‘ट्रर्र’ स्वच्छ येतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यावरून ‘ट्रक’, मग ‘रात्र’, मग ‘राजा’ असा क्रम त्यांनीं लाविला. ‘ळ’साठीं आधीं कान तयार केला : ‘गाल’ कीं ‘गाळ’, ‘वेल’ कीं ‘वेळ’, हें मुलानें ओळखावयाचें. मग आरशापुढें जीभ ‘ड’साठीं वळते तशी वळवून वारा तिच्या दोन्ही कडांनीं जाऊं द्यावयाचा. रोज पांच मिनिटें पुरेत, आणि तींही पाहुण्यांसमोर नव्हेत. मुलाचे बोबडे बोल वडिलांनीं कौतुकानें बोलूं नयेत. शुद्ध शब्द आपल्या उत्तरांत सहज यावा.

मात्र चार वर्षांच्या मुलाचें बहुतेक बोलणें परक्यास कळत नसेल, किंवा हांक मारल्यावर तें वळत नसेल, तर वेखंड-मधावर विसंबूं नये. आधीं कान तपासून घ्यावे. जो वर्ण ऐकूंच येत नाहीं तो जिभेवर येणार कोठून? २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अशी तपासणी होते. मुंबईस वांद्र्याला १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग संस्था याच कार्याची आहे.

परवां वाडींत धप्पकन आवाज झाला. नातू धांवत आला, “आजोबा, नारल पडला!” ‘र’ स्वच्छ होता, ‘ळ’ अजून यावयाचा होता. जुनी संवय जिभेच्या टोकाशीं आली, ती आम्ही गिळली. “होय रे, नारळच पडला,” एवढेंच म्हणून आम्ही त्याच्याबरोबर तो उचलावयास गेलों. त्या सायंकाळीं परवच्याला पहिला आवाज त्याचा होता.